तुम्ही विचारलंत म्हणून: वाघ पाहिलाय का?

माझी वाघांची चित्रं बघणाऱ्याचा पहिला प्रश्न हाच. चंद्रपूरला राहतो, ताडोबा जवळ, त्यामुळे लोकांना वाटतं हा रोज सकाळी वाघाला रामराम घालून येत असेल. खरं सांगू? एकदाच पाहिलाय. मोहर्लीच्या गेटने आत गेलो होतो. जिप्सीपुढून रस्ता ओलांडून तो बांबूत शिरला, दहा सेकंदांत खेळ खलास. तेवढ्यात एकच गोष्ट पदरात पडली: दोन्ही कानांच्या मागे एकेक पांढरा ठिपका असतो.

बाकी सगळे वाघ मांजरीवरून काढलेत. जकात नाक्यावर कारकून होतो. रात्रपाळीत एक ट्रक गेला की दुसरा येईपर्यंत बाद पावत्यांच्या पाठीवर बॉलपेन चालायचं. टेबलाखाली नाक्याची मांजर पसरलेली असे. मागच्या पायाचा तो ‘उलटा गुडघा’ गुडघा नसून टाच आहे, हे तिलाच चाचपून कळलं. तोवर माझे वाघ खुर्ची शोधत असल्यासारखे दिसायचे.

पण तिनेच फसवलंही. एक वनरक्षक चित्र बघून म्हणाला, “भाऊ, डोळा मांजरीचा झाला. वाघाची बाहुली गोल असते, अशी उभी चीर नसते.” बॉलपेन काही खोडता येत नाही. चिरेवरच गोल गिरवले, तर निम्मे वाघ चष्मेवाले झाले. अजून ठेवलेत.

पुढे पुतणीने मोबाइलवर आँरी रूसो हा फ्रेंच चित्रकार दाखवला. “काका, हाही नाकेवालाच!” पॅरिसच्या जकात नाक्यावर नोकरी, चित्रकलेच्या शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, फ्रान्सबाहेर पाऊल नाही. मेक्सिकोचं जंगल पाहून आलाय अशी वदंता मात्र होती. खरं जंगल पॅरिसच्या वनस्पती उद्यानात: काचघरातली झाडं, पिंजऱ्यातली आणि पेंढा भरलेली जनावरं. 1891 सालचा त्याचा वादळातला वाघ मला जरा खेळण्यातला वाटतो, पण गवत काय वाकलंय! आणि वरून तिरक्या रुपेरी रेघांचा पाऊस. मी गवत कायम सरळ उभं काढत आलो, जणू नांगरटीतलं पीक. ते पाहिल्यावर आठवडाभर नुसतं गवतच काढलं.

सध्या अस्वलावर अडलोय. ते मांजरीसारखं बोटांवर चालत नाही, माणसासारखा अख्खा तळवा टेकतं. समोर बघायला कुणी नाही म्हणून कुरकुरत होतो, तर बायको म्हणाली, “अंगणात चालून दाखवा, मी फोटो काढते.”