छागल

काल दुपारी अडीचला नळ आला. आमच्याकडे नळ आला म्हंजे घरातलं प्रत्येक माणूस जिथे असेल तिथून उठतं, जेवत असेल तरी. हंडे, कळश्या, टिपाडं, बादल्या, सगळं भरून झालं की आईची नजर फिरायला लागते, आणखी काय रिकामं दिसतंय. कुकरचं भांडं झालं, इडलीपात्राचं खालचं झालं, शेवटी मला म्हणाली माळ्यावर चढ, तांब्याचा जुना हंडा काढ. आखाजीला, म्हंजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेय, लोळायला आलेय, बाहेर ४४ आहे आणि माळ्यावर किती असेल ते देवाला माहीत. पण नळ चालू असताना वाद घालायचा नसतो.

हंड्यामागे माझी सॅक सापडली. निळी, ५० लिटरची. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून मीच इथे आणून टाकली होती. (सॅका लिटरमध्ये मोजतात हे आईला अजून सांगितलेलं नाही, सांगितलं तर ती सॅकच नळाखाली धरेल.) झटकली तर आतून ती पाण्याची पिशवी खाली पडली, ट्रेकवाल्यांची असते ना, दोन लिटरची, नळीने चोखत चोखत चालायचं. आईने खालूनच विचारलं, "हाई काय शे व?" मी म्हटलं पाण्याची पिशवी. तिने हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "हाई ते छागल शे. तुना आबानी व्हती तशी." आणि लगेच, "भरी ठेव, रिकामी कसाले ठेवस?"

छागल. कित्ती वर्षांनी ऐकला हा शब्द.

ही पिशवी मी २०१८ च्या जुलैत आइसलँडला नेली होती. लोइगावेगुर नावाचा ट्रेक आहे तिथे, ५५ किलोमीटरचा, चार दिवसांचा. लांडमन्नालोइगर ते थोर्समर्क. सुरुवातीला डोंगर पिवळे, तांबडे, हिरवट, मधेच जमिनीतून वाफा, गंधकाचा वास, आणि निघायच्या ठिकाणीच गरम पाण्याचा ओढा, त्यात सगळे पोहत बसलेले. बाकीचे वेडे झाले ते बघून. मी पण झाले, पण खरं सांगू, उनपदेवला गोमुखाखाली बसवून आजीने एवढं घासून काढलेलं आहे लहानपणी की गरम पाण्याचा झरा म्हटलं की माझी पाठच आधी हुळहुळते.

तर मुद्दा पाण्याचा. त्या देशात पाण्याला काही धरबंदच नाही. बर्फ वितळतोय, डोंगरातून ओढे उतरतायत. हिमनदीचं पाणी तेवढं राखाडी, गढूळ असतं, ते कुणी पीत नाही, पण स्वच्छ ओढा दिसला की वाकायचं आणि प्यायचं, उकळणं नाही का गाळणं नाही. 'वात्न' म्हंजे त्यांच्याकडे पाणीही आणि तळंही. दुसऱ्या मुक्कामाला आल्फ्तावात्न, त्यांची सगळ्यात मोठी हिमनदी वात्नायोकुल, जिथे तिथे वात्न. आणि या एवढ्या पाण्यातून मी पाठीवर दोन लिटरची पिशवी आणि बाजूच्या खिशात एक लिटरची बाटली, दोन्ही काठोकाठ भरून चालत होते. तीन लिटर म्हंजे तीन किलो. आम्ही तिघं होतो, त्यातली एक मैत्रीण चिपळूणची. ती पहिल्या दिवशी हसली, दुसऱ्या दिवशी चिडली. अगं तो बघ ओढा, तो बघ दुसरा, कशाला वाहतेयस? मी म्हटलं पुढे नसलं तर? ती म्हणाली नकाशा बघ की. मी नकाशा बघितला, निळ्या रेघाच रेघा होत्या, हो म्हटलं, आणि बाटलीत घोटभर जागा झाली होती ती भरून घेतली. चिपळूणच्या माणसाला काय सांगणार. त्यांच्याकडे पाणी घरात येऊ नये म्हणून लोक जागे राहतात.

तिसऱ्या दिवशी नदी. पूल नाही, बूट काढून गळ्यात अडकवायचे, सँडल घालायच्या आणि उतरायचं. तिचं नाव ब्लाउफ्यात्लाक्विस्ल, म्हणजे नाव घेईस्तोवर पलीकडे पोचता. जिथे पात्र रुंद असेल तिथून जायचं, पाणी तिथे उथळ आणि ओढ कमी. आणि सॅकचा कमरेचा पट्टा आधी सोडून ठेवायचा, म्हंजे पडलात तर सॅक टाकून देता येते, नाहीतर तीच तुम्हाला पाण्याखाली दाबते. पट्टा सोडला की सगळं ओझं खांद्यावर येतं. पाणी गुडघ्याच्या वर, इतकं गार की पहिल्या दहा पावलांत हाडं ठणकतात आणि मग पाय आपले आहेत हेच कळत नाही. मधोमध पोचल्यावर पाठीवर पिशवी डचमळली, तो आवाज मला अजून ऐकू येतो, बाहेर नदी खळखळतेय आणि आत माझी वेगळी डुबुक डुबुक. चिपळूणकरीण काठावरून ओरडत होती, अगं ओत ते! नाही ओतलं.

कारण आबा.

आबा कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते. सुट्टीत कधी मधी मला नंदुरबारला घेऊन जायचे, आत्याकडे, अमळनेरहून सुरत लाइनच्या पॅसेंजरने. बसल्या बसल्या पहिलं काम म्हंजे छागल खिडकीच्या गजाला बाहेरून बांधायची. जाड कॅनव्हासची, कोपऱ्यात लाकडी बूच, बाहेरून कायम ओली. ती पाझरते, वारा लागतो, पाझरलेलं उडून जातं आणि आतलं पाणी गार होतं, माठाचंच तंत्र. मी मुद्दाम तिच्या मागच्या बाजूला बसायचे, गाडीने वेग घेतला की बारीक तुषार तोंडावर यायचे. त्या पाण्याला चव होती, ओल्या तागाची, थोडी मातीची. डब्यातलं कोणीही मागितलं तर आबा द्यायचे, पण वरून धार धरून, ओंजळीत, आणि डोळ्यांनी मोजत. आणि मग बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, जिथे गाडी थांबेल तिथे उतरून परत भरून आणायचे. अर्धी पण झालेली नसायची. मी विचारलं तर म्हणायचे, "नळ दिसना का भरी लेवानं."

दोंडाईच्याला एकदा गाडी सुटली. मी आठ वर्षांची असेन. आबा नळापाशी, पुढे चार माणसं, मला खिडकीतून त्यांची टोपी दिसतेय. गाडी हलली. टोपी हलेना. मी ओरडले का नाही आठवत नाही, पण ती टोपी मागे मागे जाताना दिसतेय आणि गजाला सुतळीचा रिकामा फास लोंबतोय, छागल सोडून नेली होती ना, तो फास हलतोय हे मात्र जसंच्या तसं डोळ्यासमोर आहे. समोरच्या बाईने मला मांडीवर घेतलं, डब्यातली दशमी दिली, मी ती हातात धरून बसले, खाल्ली नाही. पुढचं स्टेशन कधी आलं देव जाणे. गाडी थांबली आणि आबा दारातून आत. शेवटच्या डब्यात चढले होते. घामाने नुसते निथळत होते, धाप लागलेली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आधी छागल गजाला बांधली. गच्च भरलेली. दोन्ही गाठी मारून झाल्यावर मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो हात गार होता.

हे मी त्या काठावर कोणाला कसं सांगणार होते. पाय पुसले, मोजे घातले, चालायला लागले. पुढे सगळं काळ्या वाळूचं वाळवंट होतं, मैलच्या मैल काळी वाळू, आणि मला जाम बरं वाटलं, म्हटलं बघा, आता लागेल. तासाभरात पुन्हा ओढा आलाच.

परतीला विमानतळावर १०० मिलीच्या वर पाणी आत नेऊ देत नव्हते. पिशवी भरलेलीच होती, आदल्या मुक्कामाच्या ओढ्याची. डस्टबिनशेजारी लोक बाटल्या ओतून पुढे जात होते. मला ओतवेना, उभी राहून प्यायला लागले. दीड लिटरच्या आसपास गेलं पोटात, उरलेलं केसांना लावलं. मागे एक गोरा म्हातारा उभा होता, त्याने आधी घड्याळात बघितलं, मग माझ्याकडे, मग मान वळवली.

परवा आखाजीला आईने घागर भरली, वर डांगर, सांजोरी, आंबा ठेवला. पितरांसाठी. आबांचं नाव घेताना तिने घागरीत आणखी तांब्याभर पाणी टाकलं, घागर भरलेली असताना, ते सगळं पाटावर सांडलं. कोणी काही बोललं नाही.

असो. तर काल ती पिशवी आईने भरली आणि दक्षिणेच्या खिडकीत गजाला टांगली, वाऱ्यावर. मी म्हटलं अगं ते प्लास्टिक आहे, ते पाझरत नाही, गार होणार नाही. ऐकेल तर ना. संध्याकाळी जाऊन हात लावून आली. पाणी चहाला चाललं असतं. "हाई कसानी छागल," म्हणाली, "हिले ते घामबी येत नही."

तरी ओतू देत नाहीये. आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला निघायचंय, बॅगेत आधीच कळण्याचं पीठ, बिबडे, शेंगदाण्याची चटणी, आणि दाराशी ती भरलेली पिशवी ठेवलीय. मी म्हटलं ढाब्यावर थांबते गाडी, पाणी मिळतं. ती म्हणाली, हो मिळतं की.

पिशवी अजून दाराशीच आहे.