माल्ट भरलेली मिल आणि जागेवर घूं करणारी मोटर

मोटर रिवाइंडिंगच्या (जळलेल्या मोटरीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळायच्या) धंद्यात पंप, पंखे, कॉम्प्रेसर, मिक्सर हेच रोज टेबलावर येतं, त्यामुळे एखादं वेगळं काम आलं की मला मनापासून आनंद होतो. हे काम तसंच होतं. एक तरुण गिऱ्हाईक जळलेलं ड्रिल मशिन घेऊन आला, सोबत हॉपरसकट एक छोटी दोन रोलरची मिल आणि पोत्यात गुंडाळलेली जुन्या ब्लोअरची मोटर. म्हणाला, दादा, मिल फिरवायला लावलेलं हे ड्रिल सारखं जळतंय, आता ते दुरुस्त नका करू, ह्या मिललाच ही मोटर कायमची बसवून द्या.

मिल कशासाठी ते विचारलं तर कळलं की तो घरी बिअर बनवतो आणि त्यासाठी जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, ह्या मिलमध्ये भरडतो. मी आयुष्यात पीठ पाडणाऱ्या बऱ्याच मशिनांच्या मोटरी बांधल्यात, पण इथे पीठ पाडायचंच नाहीये हे मला त्यानं सांगितल्यावर समजलं. दाणा फुटून आतला पांढरा भाग दोन-तीन तुकड्यांत मोकळा व्हायला पाहिजे आणि वरचं टरफल मात्र शक्य तेवढं अख्खं राहायला पाहिजे, कारण नंतर हे भरडलेलं माल्ट ६५-६६ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवतात, त्यात पिठूळ भागाची साखर होते, आणि मग ते गोड पाणी खालून काढून घ्यायचं असतं, तेव्हा ती टरफलंच एकमेकांवर बसून गाळणीचं काम करतात. टरफलाचा चुरा झाला की थर गच्च बसतो आणि पाणी खाली उतरतच नाही. ह्यासाठी त्यानं दोन पुड्या मुद्दाम आणल्या होत्या, एकात हातानं हँडल फिरवून भरडलेलं आणि दुसऱ्यात ड्रिलनं भरडलेलं. पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी पसरले आणि फरक लगेच दिसला. हाताच्या भरडीत टरफलं होडीसारखी अख्खी, ड्रिलच्या भरडीत नुसते कापल्यासारखे तुकडे आणि बोटाला लागणारं पीठ. मला हा माणूस तिथेच आवडला, कारण गिऱ्हाईक सहसा फक्त "जोरात फिरलं पाहिजे" एवढंच सांगतं, ह्यानं मशिनमधून काय बाहेर पडायला पाहिजे ते आणून दाखवलं.

मग ड्रिल का जळतं ते त्याला उघडून दाखवलं. आर्मेचर (आतला फिरणारा भाग) काळं पडलेलं, कम्युटेटरवर (त्याला करंट पोचवणाऱ्या तांब्याच्या कड्यावर) खड्डे, त्यावर घासणारे कार्बन ब्रश संपत आलेले. ड्रिलला गार ठेवणारा पंखा आर्मेचरच्याच शाफ्टवर बसलेला असतो, म्हणजे ड्रिल फुल स्पीडला असेल तेव्हाच त्याला पुरेशी हवा मिळते. हा टरफल वाचवायला ट्रिगर थोडासाच दाबून हळू फिरवायचा, तेव्हा करंट भरपूर ओढला जातोय आणि हवा मात्र जवळजवळ नाही, मग वाइंडिंग भाजणारच. आणि कंटाळून ट्रिगर पूर्ण दाबला की स्पीड वाढून टरफल फाटतं. म्हणजे ड्रिल वाचवलं तर माल जातो आणि माल वाचवला तर ड्रिल जातं, ह्यातून सुटका नाही, कितीही महागडं ड्रिल आणलं तरी.

आता स्पीडचा हिशोब. दोन रोलरच्या अशा मिलला साधारण १५० ते २०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, मानवतं. चार पोलची (चार चुंबकी ध्रुवांची, ब्लोअरची होती तशी) मोटर ५० हर्ट्झवर पूर्ण लोडला १४४० च्या आसपास फिरते, म्हणजे साधारण सात पट कमी करायला पाहिजे. एकाच टप्प्यात करायचं तर ५० मिलिमीटरच्या पुलीवरून ३५० च्या पुलीवर पट्टा घ्यावा लागेल, पण ए सेक्शनच्या (नेहमीच्या लहान मापाच्या) व्ही पट्ट्याला ७५ पेक्षा लहान पुली द्यायची नसते, पट्टा त्या लहान गोलाईत सारखा मोडत राहतो आणि गरम होऊन लवकर फाटतो, शिवाय लहान पुलीला पट्ट्याचा वेढाही कमी मिळतो म्हणून घसरतो. म्हणून मी मध्ये एक शाफ्ट टाकला, दोन बेअरिंग ब्लॉकवर, आणि ७५ वरून २०० असे दोन टप्पे केले. २.६७ गुणिले २.६७ म्हणजे ७.१, रोलरला २०० आरपीएम मिळाले. गिअरबॉक्सवाली मोटर घेतली असती तर जागा कमी लागली असती हे खरं, पण पट्ट्याचा एक मोठा फायदा आहे, माल्टमध्ये एखादा खडा आला आणि रोलर अडकले तर पट्टा घसरतो आणि मिल वाचते. गिअरबॉक्सला ती सवलत नाही, तिथे मध्ये तुटणारी पिन किंवा तसं काहीतरी वेगळं द्यावं लागतं, नाहीतर मिलचा शाफ्ट पिळला जातो. मिलचा शाफ्ट होता फक्त १० मिलिमीटरचा, एका बाजूला सपाट घासलेला, की-वे (चावी बसवायची खाच) नाही. टर्नरकडून पुलीला बुश (आतली बाही) बसवून घेतला आणि ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) बरोबर त्या सपाट भागावर आवळला. पुली मिलच्या अंगाला जितकी चिकटवता आली तितकी चिकटवली, कारण शाफ्टच्या टोकाला पट्ट्याची ओढ पडली की आतले बुश एका बाजूनं झिजतात आणि मग रोलरमधली फट दोन्ही टोकांना सारखी राहत नाही. अँगलची फ्रेम, मोटरखाली पट्टा ताणायला लांबट भोकं, हे सगळं नेहमीचंच.

खरी गोष्ट पुढे आहे.

ब्लोअरची मोटर बघितल्यावरच मी त्याला सांगितलं होतं की ही मोटर फिरेल पण भरलेली मिल उचलणार नाही. त्याला पटलं नाही. प्लेटवर स्वच्छ लिहिलंय अर्धा एचपी, १४४० आरपीएम, आणि त्यानं कुठेतरी वाचलं होतं की अशा मिलला अर्धा एचपी पुरतो, आणि ते वाचलेलंही बरोबरच होतं. त्यामुळे वाद घालण्यापेक्षा बसवून दाखवूया म्हटलं, नाहीतरी फ्रेम लागणारच होती.

रिकामी मिल सुंदर फिरली. मग मिल चालू ठेवून वरून हॉपरमध्ये माल्ट ओतलं, तेही व्यवस्थित भरडत गेलं, भरडसुद्धा चांगली पडत होती आणि त्याचा चेहरा खुलला. मी म्हटलं आता थांबा, आणि हॉपर अर्धा भरलेला असतानाच स्विच बंद केला. सगळं थांबल्यावर त्यालाच सांगितलं, आता तुम्ही चालू करा. त्यानं स्विच दाबला आणि मोटर घूं करून जागेवर उभी राहिली, पट्टे ताणले गेले, रोलर हलले नाहीत. पाच-सात सेकंदांत मी स्विच पाडला, त्यापुढे ठेवलं असतं तर वाइंडिंगचा वास आला असता, कारण अडकलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि पंखाही बंद असतो.

तो म्हणाला, दादा, मोटर वीक झाली असेल. मोटर अजिबात वीक नव्हती. प्लेटवरचा एचपी हा मोटर पूर्ण स्पीडला असताना ती किती काम करेल त्याचा आकडा आहे, शून्यातून उठताना तिच्यात किती जोर आहे ते त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. अर्धा एचपी म्हणजे ०.३७ किलोवॅट, १४४० ला त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, होतो साधारण अडीच न्यूटन मीटर, सात पट कपातीनंतर रोलरला पट्ट्यांचं नुकसान धरून पंधरा-सोळा न्यूटन मीटर मिळतात आणि चालू मिलला ते भरपूर झाले. पण ब्लोअरच्या मोटरीत एकच छोटा कंडेन्सर (कपॅसिटर) कायमचा जोडलेला असतो, अशा मोटरीचा उठतानाचा टॉर्क बऱ्याचदा तिच्या पूर्ण लोडच्या टॉर्कइतकासुद्धा नसतो, आणि ब्लोअरला त्याची गरजही नसते कारण पंख्याचं पातं सुरुवातीला काहीच विरोध करत नाही, स्पीड वाढेल तसा लोड वाढतो. मिलचं नेमकं उलटं आहे. दाणे रोलरच्या खाचांमध्ये आधीच चावून बसलेले असतात, पहिल्या क्षणालाच पूर्ण लोड.

त्यावर त्यानं विचारलं की मग मोठा कंडेन्सर टाकून द्या ना. हे मला रोज कोणी ना कोणी विचारतं आणि करणारेही खूप आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोठ्या कंडेन्सरनं मोटर उठेल, पण तो स्पीड आल्यावरही स्टार्टिंग वाइंडिंगमध्ये (मोटर उठवणाऱ्या दुसऱ्या वाइंडिंगमध्ये) तसाच राहिला तर त्या वाइंडिंगमधून गरजेपेक्षा जास्त करंट कायम वाहत राहतो, मोटर गुणगुणते, तापते आणि काही दिवसांत माझ्याकडे रिवाइंडिंगला येते. तो फक्त उठण्यापुरता जोडून नंतर तोडायला पाहिजे, त्यासाठी रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) लागतो, आणि एवढं सगळं करून ब्लोअरची मोटर ती ब्लोअरचीच. माझ्याकडे रॅकवर एक बांधून ठेवलेली कपॅसिटर स्टार्ट मोटर होती, तोच अर्धा एचपी, तोच स्पीड. हिच्यात मोठा कंडेन्सर फक्त सुरुवातीला जोडलेला असतो, मोटर सुमारे ७५ टक्के स्पीडला पोचली की आतला सेंट्रीफ्युगल स्विच (फिरण्याच्या वेगानं उघडणारा) त्याला आणि स्टार्टिंग वाइंडिंगला बाहेर काढतो. उठतानाचा टॉर्क पूर्ण लोडच्या दुप्पट-तिप्पट. दोन्ही मोटरी शेजारी ठेवून त्याला दोन्ही प्लेटा वाचायला लावल्या, आकडे जवळजवळ सारखे.

मोटर बदलली, हॉपर तसाच अर्धा भरलेला ठेवला, स्विच दिला. मोटर एका झटक्यात सुटली, आतल्या स्विचचा टक् आवाज आला आणि दाणे मात्र वरच नाचायला लागले, एकही खाली जाईना. तो घाबरला. रोलर उलटे फिरत होते, बाहेरच्या बाजूला, बाकी काही नाही, ह्या मोटरीची फिरायची दिशा आधीच्या मोटरीच्या उलट होती. सिंगल फेजला (घरच्या साध्या लाइनीला) पिनमधल्या वायरी अदलाबदल करून दिशा बदलत नाही हे लोकांना माहीत नसतं, टर्मिनल बॉक्समध्ये स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं आपापसात बदलावी लागतात. बदलली, पुन्हा स्विच, आणि भरलेली मिल अशी उचलली की खाली बादलीत सर्र करून भरड पडायला लागली. नंतर मुद्दाम परत परत बंद-चालू करून घेतलं, दरवेळी भरलेल्या हॉपरवरच, कारण मधेच लाइट गेली तर ही वेळ येणारच आहे आणि तेव्हा हॉपर उपसत बसायला कोणाला सांगणार.

भरड कागदावर पसरली आणि त्याच्या हातानं भरडलेल्या पुडीशेजारी ठेवली. फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट दोन्ही टोकांना १.१ मिलिमीटर लावली होती. टरफलं अख्खी, दाणे फुटलेले, पीठ अगदी थोडं. तो बराच वेळ चिमटीत घेऊन बघत होता, मग म्हणाला की हे हाताच्या भरडीपेक्षाही एकसारखं आहे. ते बरोबर आहे, हात दमतो, वेग कमी-जास्त होतो, मोटरीचा वेग ढळत नाही. भरडायच्या आधी माल्टच्या वजनाच्या एक-दोन टक्के पाणी शिंपडून दहा मिनिटं ठेवलं तर टरफल लवचिक होतं आणि आणखी कमी फाटतं, हे त्यानंच सांगितलं आणि करूनही दाखवलं, फरक खरंच दिसतो.

इथपर्यंत सगळं आनंदाचं, पण एका गोष्टीवर मी अडून बसलो. माल्ट अडकलं की तो वरून बोटानं ढकलायचा, बोलता बोलता त्यानं माझ्यासमोरही हात पुढे नेला आणि मी जोरात ओरडलो. हँडल असताना बोट अडकलं तर आपलाच दुसरा हात थांबतो, मोटर थांबत नाही, आणि दोन नर्लिंग केलेले (खाचा पाडून खरखरीत केलेले) रोलर आत ओढणारे आहेत. हॉपरमध्ये आडव्या सळ्यांची जाळी वेल्ड करून दिली, बोट रोलरपर्यंत पोचणारच नाही अशी, आणि दोन्ही पट्ट्यांवर पत्र्याचं कव्हर. स्विच साधा न देता नो व्होल्ट कॉइलवाला स्टार्टर दिला, म्हणजे लाइट जाऊन परत आली तर मशिन आपोआप सुरू होत नाही, मुद्दाम बटण दाबावं लागतं. त्यातच ओव्हरलोड रिले, प्लेटवरच्या करंटवर सेट केलेला, खडा अडकून मोटर थांबली तरी थोड्या वेळात सप्लाय तुटेल. अर्थिंग फ्रेमला आणि मोटरीला, ओलं माल्ट आणि पाण्याच्या बादल्या जवळ असताना त्यावर मी कोणाचंही ऐकत नाही. आणि धान्याची बारीक धूळ पेट घेऊ शकते, म्हणून मोटर पूर्ण बंद बॉडीची आणि भरडायचं काम हवा खेळती असेल तिथे, शेगडी पेटलेली असेल तिथे नाही.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. गोड पाणी सरळ खाली उतरलं, एकदाही तुंबलं नाही. आता त्याला गव्हाचं माल्टही भरडायचंय. त्या दाण्याला टरफल नसतं, दाणा जवापेक्षा बारीक आणि कडक, फट कमी करावी लागणार आणि लोड वाढणार. त्याला सांगितलं की फट थोडी थोडी कमी करा, प्रत्येक वेळी क्लॅम्प मीटर लावून करंट बघा, प्लेटवरच्या आकड्याच्या पुढे जायला लागला की तिथेच थांबा, आणि अधूनमधून पट्टेही बघत जा, नवे पट्टे सुरुवातीला ताणून सैल होतात, एकदा परत आवळावे लागतात.