आजीनं फुकट शिवून दिली असती

रविवार, रात्री.

हस्तकलेचा मेळा संपला एकदाचा. शनिवार-रविवार आमच्या कोथरूडच्या बागेत लॉनच्या कडेनं मांडव होते. आज सातच्या ठोक्याला मांडववाल्याची पोरं बांबू उपटायला हजर झाली, तेव्हा आमच्या टेबलापाशी एक बाई अजून गोधडीवरून हात फिरवत होत्या. जाऊबाई जेवून लगेच आडव्या झाल्या. मला काही झोप येईना, म्हणून वही काढली.

स्टॉल आम्हा दोघींचा, पण गोधड्या जाऊबाईंच्या. मी त्यांनी धरून दिलेल्या ओळीत टाके घालते, एवढंच. माझं आयुष्य बँकेत गेलं. त्यामुळे फॉर्म भरणं, भाड्याची पावती सांभाळणं, क्यूआर कोड टेबलाला चिकटवणं ही माझी खाती. त्या सासवडकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सोबत आणलेल्या गोधड्या अजून वापरात आहेत.

शनिवारी सकाळी पहिले आले ते रोजचे चालणारे आजोबा. ट्रॅकचा एक तुकडा मांडवाखाली गेला होता, त्याचा निषेध नोंदवून झाला, मग तीन आजोबा आमच्याच खुर्च्यांवर बसले आणि दहा वाजेपर्यंत उठले नाहीत. गिऱ्हाईक म्हणून शून्य, सोबत म्हणून उत्तम. नंतर हास्यक्लबवाले आले. त्यांच्याबद्दल लिहीत नाही.

दोन दिवस बसून एक गोष्ट लक्षात आली. जिथे हात चालू असतात तिथे गर्दी, आणि जिथे तयार माल रचलेला असतो तिथे विक्री. कुंभाराच्या चाकापुढे पोरांची रांग पार घसरगुंडीपर्यंत गेलेली, पण पणत्या आणि माठ संध्याकाळी होते तसेच. त्याच्या शेजारी वारलीची चित्रं छापलेले कप. चित्र यंत्रानं छापलेलं, कप कारखान्यातले, आणि ते दुपारपर्यंत संपलेसुद्धा. कोपऱ्यात डहाणूकडचा एक मुलगा खरी वारली काढत होता. गेरूनं सारवलेल्या कापडावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि ब्रशऐवजी टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. तारपा नाच काढताना तो सांगत होता की नाचणाऱ्यांनी तारपा हे वाद्य फुंकणाऱ्याकडे पाठ करायची नसते, म्हणून रांग अशी वळत वळत आत जाते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आता वारली म्हणजे काय हे शहरात कुणाला सांगावं लागत नाही. तरी एकानं त्याला विचारलंच, ‘मोबाइलच्या कव्हरवर गणपती काढून मिळेल का?’ पोरगा शांतपणे म्हणाला, ‘मिळेल. दोन तास थांबा.’ माणूस थांबला नाही.

सावंतवाडीच्या स्टॉलवर लाकडी फळं आणि गंजिफा. दशावतारी गंजिफेत दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं, म्हणजे १२० गोल पत्ते. एका मुलीनं विचारलं, ‘उनोसारखं असतं का?’ आजोबांपैकी एक जण समजावून सांगायला उठले आणि खुर्ची रिकामी झाली, म्हणून गंजिफेचे आभार.

मला खिळवून ठेवलं ते तांबटानं. आमच्या समोरच बसला होता. मांडीशी लोखंडी दांडा, त्यावर तांब्याचा गडू उपडा घातलेला, आणि उजव्या हातात घासून चकचकीत केलेल्या तोंडाची हातोडी. ठोका द्यायचा, गडू नखभर फिरवायचा, पुन्हा ठोका. एकदा ओळ सुरू झाली की तो बोलत नसे. ओळ पुरी झाली की मात्र हवं ते विचारा. मी समजत होते की त्या ठोक्यांच्या टिकल्या नक्षीसाठी असतात. तो म्हणाला, ‘ताई, तांबं तावलं की मऊ पडतं. त्याला मठारलं की ते परत कडक होतं. पत्रा पातळ असूनही भांडं चेपत नाही ते या ठोक्यांमुळे. दिसायला छान दिसतं ते वरचं.’ मग पिशवीतून एक बाजारातला पाण्याचा जग काढून माझ्या हातात दिला. त्यावरचे ठसे सगळे एका मापाचे, रांगेत, आखून दिल्यासारखे. अंगठ्यानं दाबला तर बाजू आत गेली. त्याच्या गडूवर दोन ओळी किंचित तिरक्या होत्या. ‘तिथे चहा आला होता,’ म्हणाला.

पेशवाईत कोकणातून येऊन हे लोक कसब्यात स्थिरावले. तांबट आळी आमच्या घरापासून अशी काही लांब नाही, आता तर मेट्रोचं कसबा पेठ स्टेशनही झालंय. घरोघरी पाणी तापवायचे तांब्याचे बंब होते तेव्हा लोक स्वतः तिथे जायचे. आता आम्हाला तो माणूस बघायला बागेत मांडव लागतो. आमच्याही वाड्यात बंब होता. वाडा पाडून बिल्डिंग झाली तेव्हा तो मोडीत वजनावर गेला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तो दर चांगला आला म्हणून समाधान मानलं होतं.

बागेत जाळ करायला परवानगी नाही, म्हणून तांबटानं गडू आधीच तावून आणले होते. कल्हईवाल्याचं तसं कसं चालणार? त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. पत्रकात त्याचं नाव नाही. तो आपला आपण आला आणि गेटाबाहेर फुटपाथवर खड्ड्यात कोळसे पेटवून बसला. अख्ख्या मेळ्यातला सगळ्यात चांगला कार्यक्रम तोच झाला. पितळेचं पातेलं चांगलं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, भस्सकन पांढरा धूर, त्या धुरातच कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं सर्रकन फिरवायचं. काळंपिवळं पोट बघता बघता चांदीचं. मग बादलीत बुडवलं की चर्र. पोरं टाळ्या वाजवत होती. आसपासच्या सोसायट्यांतल्या बायका घरी पळाल्या आणि माळ्यावरची पातेली, पराती, एक तर चक्क घंगाळ घेऊन आल्या. एका सुनेनं विचारलं, ‘नाही केली कल्हई तर काय होतं?’ चार सासवा एका सुरात: ‘ताक कळकतं!’ त्याच चार सासवांनी मग प्रत्येक भांड्यामागे दहा-वीस रुपयांसाठी त्याच्याशी हुज्जत घातली. कोळसा काय भाव आहे हे त्यांना विचारायचं फार मनात होतं.

आता आमचं. मोठी गोधडी ४५०० रुपये. जुनी सुती लुगडी धुऊन, खळ काढून, एकावर एक अंथरायची. चार कोपऱ्यांवर पाट नाहीतर वरवंटा ठेवायचा म्हणजे सरकत नाहीत. जाऊबाई गोधडीवरच बसून शिवतात, कडेनं सुरुवात करून आत आत येत. धावदोरा, पण तांदळाच्या दाण्याएवढा आणि शेवटपर्यंत तेवढाच. दोरा मेणबत्तीवरून ओढून घेतात. अंगुस्तान वापरत नाहीत, त्यामुळे मधल्या बोटाच्या टोकावर एक कायमचा घट्टा आहे. या खेपेच्या एका गोधडीत वर इरकली लुगड्याचा लाल-पांढरा पदर जसाच्या तसा लावला होता. तो बघून लोक थांबायचे, हात फिरवायचे, नाकाला लावून बघायचे, फोटो काढायचे. मग किंमत विचारायचे.

काल दुपारी एक चांगल्या घरची दिसणारी मुलगी आली. पस्तिशीची असेल. पदरावरून हात फिरवला, डोळ्यांत पाणीबिणी आलं. किंमत ऐकली आणि म्हणाली, ‘एवढी? काकू, आमच्या आजीनं फुकट शिवून दिली असती!’

जाऊबाई टाका घालतच म्हणाल्या, ‘मग आजीकडूनच घे की.’

‘आजी आता नाहीये हो.’

‘नाही ना? म्हणून तर ४५०० रुपये.’

मुलगी खो खो हसली. मीही. गोधडी काही तिनं घेतली नाही.

पण ते ‘फुकट’ माझ्या डोक्यातून जाईना. रिकाम्या वेळात पावतीच्या मागे हिशोब मांडला. एका मोठ्या गोधडीला महिना-दीड महिना, दुपारचे दोन-तीन तास. १०० तास धरू. लुगडी घरचीच, त्यांचे पैसे लावलेच नाहीत. दोरा आणि सुया सोडून दिल्या तरी तासाला ४५ रुपये. मी तो आकडा जाऊबाईंना दाखवला. वाटलं, चिडतील. त्या म्हणाल्या, ‘बरेत की. आधी शून्य होते.’ आणि सुई ओवायला दिली, कारण हल्ली त्यांना नेढं दिसत नाही.

माझ्या आईच्या हातच्या दोन गोधड्या आमच्या ट्रंकेत आहेत. कधी शिवल्या, किती दिवस लागले, कुठल्या लुगड्यांच्या, मला एकही गोष्ट सांगता येणार नाही. ती दुपारी ‘जरा पडते’ म्हणायची आणि खाली चटईवर काहीतरी शिवत बसलेली असायची. आम्ही त्याला तिचं पडणं असंच म्हणत आलो.

आयोजकांबद्दल लिहायचं ठरवलं नव्हतं, पण लिहिते. स्पीकर आमच्या डोक्यावर. दर दहा मिनिटांनी ‘हस्तकलेला प्रोत्साहन द्या’. प्रोत्साहन देणाऱ्यांनी तांबटाला निदान सावलीत बसवायचं होतं. उन्हात तापलेली हातोडी धरून तो माणूस ठोके देत होता आणि सावलीतल्या मोठ्या मांडवात सेल्फी काढायची पुठ्ठ्याची बैलगाडी. जाऊबाईंनी आमची एक चादर त्याच्या डोक्यावर बांधून दिली, तेव्हा कुठे बरं वाटलं. जाताना त्यानं त्यांना एक छोटी तांब्याची वाटी दिली. पैसे देऊ केले तर घेईना. शेवटी बदल्यात एक दुपटं दिलं, त्याच्या नातीसाठी. त्यानं उलट्या बाजूचे टाके आधी बघितले. बाकी दोन दिवसांत उलटी बाजू कुणी बघितली नव्हती.

हिशोब: दुपटी सगळी गेली. मोठ्या गोधड्यांतली एकच गेली, ती इरकलीची नव्हे, साधी निळी. घेणाऱ्या बाईंनी भाव केला नाही, फक्त धुवायची कशी ते नीट विचारून घेतलं. स्टॉलचं भाडं वसूल होऊन वर थोडे उरले. इरकलीची परत घरी आली आणि जाऊबाई आत्ता तीच पांघरून झोपल्यात.

झोपायच्या आधी म्हणाल्या, पुढच्या वेळी ५५०० सांगायचे. मी म्हटलं, ‘वहिनी, अहो ४५०० ला कुणी घेईना!’ तर म्हणे, ‘नाही घेतली तर मी पांघरते. माझं काय अडलंय?’

उद्या बोहरी आळीत जाऊन पांढऱ्या दोऱ्याची रिळं आणायची आहेत. दुपट्यांच्या पाच ऑर्डरी आल्यात, त्यातल्या दोन फेब्रुवारीच्या आत हव्यात.