कंपनीचं ऑनलाइन ट्रेनिंग आणि आमचा मायक्रोमीटर : माझा अनुभव

भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे, इन्स्पेक्शन बघते. आमच्याकडे पूर्वी ट्रेनिंग म्हणजे ठरलेलं असायचं, बाहेरून एक सर यायचे, कँटीनच्या वरच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर, जेवण झालं की निम्मे लोक डुलक्या घेणार, संध्याकाळी फीडबॅक फॉर्मवर सगळीकडे 'व्हेरी गुड', हजेरीवर सही, झालं. नाइट करून आलेल्यांनाही बसवायचे बिचाऱ्यांना. आणि सर कितीही चांगले असले तरी एवढ्या लोकांसमोर हात वर करून 'सर, हे परत सांगा' म्हणायची हिंमत फार कमी जणांची व्हायची, त्यात आपला मॅनेजर पहिल्या रांगेत.

मग एचआरने सगळ्या स्टाफला ऑनलाइन कोर्सचं लॉगिन दिलं. सुरुवातीला नुसते रिमाइंडरचे मेल, ड्यू डेट, ओव्हरड्यू, वैताग नुसता. फायर सेफ्टी, पॉश (कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखण्याचा) वगैरे कोर्स लोक कसे उरकतात ते सांगायला नकोच, व्हिडिओ म्यूट करून एका कोपऱ्यात चालू आणि इकडे रिपोर्ट भरणं चालू, शेवटी क्विझची उत्तरं ग्रुपवर. माझं स्पष्ट मत आहे की आग विझवायचा सिलेंडर हातात घेऊन एकदा पिन काढून चालवल्याशिवाय फायर ट्रेनिंगला काही अर्थ नाही, ते ऑनलाइन करूच नये.

पण कोअर टूल्सचा कोर्स आला तेव्हा माझं मत बदललं. कोअर टूल्स म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवताना क्वालिटी सांभाळायच्या पाच ठरलेल्या पद्धती, एपीक्यूपी, पीपॅप, एफएमईए, एसपीसी आणि एमएसए, ऑटोमोबाइलवाल्यांना सांगायला नको, आयएटीएफ 16949 या त्यांच्या क्वालिटी स्टँडर्डच्या ऑडिटमध्ये यावरच सगळं फिरतं. आमचं कस्टमर ऑडिट जवळ आलेलं आणि माझ्याकडे एमएसए, म्हणजे ज्या गेजने (मोजायच्या साधनाने) आपण माप घेतो त्या मापावर विश्वास ठेवायचा का हे तपासणं. त्यात गेज आर अँड आर करतात, 10 पार्ट, 3 माणसं, प्रत्येकाने प्रत्येक पार्ट 3 वेळा मोजायचा, 90 रीडिंग. आमच्याकडे जुनी एक्सेल शीट होती, 90 खाने भरले की एकूण फरकात मोजण्यामुळे आलेला फरक किती याचे टक्के खाली येतात, 10 च्या आत आलं तर छान, 10 ते 30 म्हणजे काम काय आहे ते बघून चालवून घ्यायचं, 30 च्या वर गेलं तर ती मापपद्धत चालणार नाही. एवढंच सगळ्यांना पाठ. टक्के कशामुळे वाढले हे विचारलं की सगळे शीटकडे बघायचे.

व्हिडिओ इंग्लिशमध्ये होता आणि बोलणारा सुसाट, मी स्पीड पाऊणपट केला, सबटायटल लावली. एके ठिकाणी त्याने सांगितलं की रिपीटेबिलिटी (एकाच माणसाने तोच पार्ट परत परत मोजल्यावर येणारा फरक) जास्त असेल तर आधी गेजकडे आणि पार्ट पकडण्याच्या पद्धतीकडे बघा, रिप्रोड्युसिबिलिटी (वेगवेगळ्या माणसांच्या मापातला फरक) जास्त असेल तर माणसामाणसाच्या पद्धतीत फरक आहे का बघा. मी तिथेच पॉज केलं, शीट उघडली, आमच्या 24 मिलिमीटरच्या शाफ्टच्या स्टडीत दुसरा आकडा फुगलेला, एकूण टक्के 30 च्या वर. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून सरळ शॉपवर गेले. हॉलमधल्या ट्रेनिंगमध्ये हे कसं जमणार सांगा, सर बोलत असताना मध्येच उठून लाइनवर जाऊन बघून येते म्हटलं तर कोण सोडेल.

लाइनवर आमचे एक जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांना म्हटलं, मामा, जरा हा शाफ्ट मोजून दाखवा ना. मामांनी मायक्रोमीटर घेतला, मुख्य ड्रमच फिरवत नेला आणि अंदाजाने आवळला. शेजारच्या पोराने तोच शाफ्ट रॅचेट, म्हणजे टोकाची छोटी मूठ फिरवून, टिक टिक टिक आवाज येईपर्यंत नेऊन मोजला. दोघांच्या रीडिंगमध्ये 4 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक! आमचा टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच मुळात 20 मायक्रॉन. मामा म्हणाले, "ताई, वीस वर्षं असंच मोजतोय, हाताला कळतं." कळतही असेल, पण मामांच्या हाताला जे कळतं ते पोराच्या हाताला वेगळं कळतं ना, रॅचेट त्यासाठीच तर असतं, कुणीही फिरवला तरी दाब सारखा.

दुसरी गोष्ट पुढच्या भागात मिळाली, तापमान. मापाचं स्टँडर्ड तापमान 20 अंश धरतात. स्टीलचा 24 चा शाफ्ट 10 अंशांनी जास्त गरम असेल तर जवळजवळ 3 मायक्रॉन फुगतो. आमच्याकडे स्टडीला पार्ट मशिनवरून काढले की लगेच घ्यायचे, म्हणजे पहिला माणूस गरम मोजणार, तिसऱ्याच्या हातात येईपर्यंत ते थंड. भांडण सगळं माणसांत नव्हतंच मुळी, निम्मं तर तापमानात होतं.

मग पार्ट आदल्या दिवशीच स्टँडर्ड रूममध्ये (जिथे तापमान कायम सारखं ठेवतात) ठेवले, नंबर मोजणाऱ्याला दिसणार नाहीत असे टाकले (नाहीतर माणूस मागचं रीडिंग आठवून तेच सांगतो, हे खरंच होतं), क्रम बदलून दिले आणि मामांना रॅचेटची सवय लावली. ते शेवटपर्यंत कुरकुरत होते. टक्के 20 च्या आत आले. ऑडिटरने शीट बघितली, दोन प्रश्न विचारले, कारणासकट उत्तर दिलं, पुढे गेला.

यानंतर चटक लागली म्हणून एनपीटेलवर (आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर) क्वालिटीचा एक कोर्स स्वतःहून केला. तिथे शिकायला पैसे नाहीत, सर्टिफिकेट हवं असेल तरच 1000 रुपये परीक्षा फी, परीक्षा मात्र सेंटरवर जाऊन द्यायची, दर आठवड्याच्या असाइनमेंटला 25 टक्के वेटेज, परीक्षेला 75. असाइनमेंटची तारीख चुकली की गेली, त्यामुळे रात्री पोरं झोपल्यावर बसायचं. काही कोर्सची मराठी भाषांतरंही तिथे आहेत, ज्यांना इंग्लिशची भीती वाटते त्यांनी बघाच.

कुणी कंपनीत हे सुरू करत असेल तर माझं एवढंच म्हणणं आहे की कोर्स संपला की क्विझऐवजी आपल्याच लाइनवरचं एक काम द्या, एक गेज, एक चार्ट, काहीही. स्किल मॅट्रिक्समधला (कुणाला कुठलं काम येतं त्या तक्त्यातला) गोल रंगवायचा तो त्यावर रंगवा, सर्टिफिकेटवर नको.

आणि दुसरं, आमच्याकडे लॉगिन फक्त ज्यांना कंपनीचा मेल आयडी आहे त्यांनाच मिळतं. म्हणजे मोजतात मामा आणि मोजण्याचा कोर्स करते मी, काय बोलणार. सध्या मी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी क्यूए रूममध्ये माझ्याच लॉगिनवर व्हिडिओ लावते, पाच-सहा जण उभ्याउभ्या बघतात, मध्येच थांबवून मराठीत सांगते. मामांनी परवा विचारलं की तो सीपीके 1.33 चं काय प्रकरण आहे, ऑडिटवाले सारखं बोलतात ते. (सीपीके म्हणजे आपले पार्ट टॉलरन्समध्ये किती आरामात बसतात त्याचा आकडा, तो एसपीसीत येतो.) एसपीसीचा भाग पुढच्या आठवड्यात लावणार आहे, आणि ऑपरेटरना मोबाइल नंबरवर लॉगिन द्या म्हणून एचआरला केलेल्या मेलला अजून उत्तर नाही.