मिक्सरचा आवाज थेट मोबाइलमध्ये

गावच्या सप्ताहातलं कीर्तन मोबाइलवर शूट केलं की टाळ-मृदंगात महाराजांचे शब्द बुडतात. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घेतली तर हे सुटतं, पण नुसती वायर खुपसून भागत नाही.

मिक्सरच्या लाइन आउटला, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या सॉकेटला, साधारण एक व्होल्ट येतो. फोनच्या माइक इनपुटला लागतात जेमतेम काही मिलिव्होल्ट. थेट जोडलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कुठल्याच ॲपमध्ये धड होत नाही. मध्ये ४० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) घाला. शक्य असेल तर वायर प्री-फेडर ऑक्समधून घ्या (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीच्या, म्हणजे फेडरच्या, आधीच सिग्नल देणारं वेगळं आउटपुट), म्हणजे साउंडवाल्यानं मांडवातला आवाज कमी-जास्त केला तरी तुमची लेव्हल हलत नाही.

खरी गोची पिनची. फोनला तीन काळ्या रेघांची टीआरआरएस पिन लागते: टोक डाव्या कानाचा आवाज, पहिली रिंग उजव्या कानाचा, दुसरी ग्राउंड, बुडाशी माइक; मिक्सरचा सिग्नल या माइकच्या भागातूनच फोनमध्ये जातो. दोन रेघांची घातली तर फोन तिला हेडफोन समजतो आणि गुपचूप स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करतो. आधी दहा सेकंद शूट करा आणि फोनच्या माइकवर टिचकी मारा. टकटक ऐकू आली तर वायर लागलेलीच नाही. कधी पिन बरोबर असूनही मूळ कॅमेरा ॲप बाहेरचा माइक घेत नाही. ‘ओपन कॅमेरा’ या अँड्रॉइड ॲपमध्ये ऑडिओ सोर्स बदलता येतो. फोनला हेडफोनचा जॅकच नसेल तर टाइप-सीचा ऑडिओ इंटरफेस (चार्जिंगच्या सॉकेटमधून आवाज आत घेणारी डबी) वापरा.

घूंऽऽ असा आवाज आला तर आधी चार्जर काढा. फ्लाइट मोड लावाच.

टाळकऱ्यांसमोर माइक नसेल तर त्यांचा आवाज मिक्सरमध्ये येणारच नाही; त्यासाठी दुसरा फोन त्यांच्याजवळ ठेवा.