आजोबांच्या वहीतला उजवा रकाना

इंदूरमधल्या लोकमान्य नगरच्या आमच्या घरात, देवघराखालच्या कपाटात, आजोबांची लाल कापडी पुठ्ठ्याची हिशेबाची वही आहे. तिच्या शेवटच्या पानांवर इंदूरच्या लोकसभेचे निकाल आहेत. डावीकडच्या रकान्यात निवडून आलेला, उजवीकडे पडलेला. आजोबांनंतर बाबांनी वही चालवली, आता ती माझ्याकडे आहे. घरचा नियम एकच: आपण कुणाला मत दिलं ते वहीत लिहायचं नाही.

आजोबा हुकुमचंद मिलमध्ये मागावर होते. 1952 चे नंदलाल जोशी आणि 1957 चे कन्हैयालाल खादीवाला, दोघेही काँग्रेसचे, साध्या अक्षरात लिहिलेत. 1962 ची ओळ मात्र पुन्हा पुन्हा गिरवलेली आहे: होमी दाजी. पारशी घरातला कम्युनिस्ट, मिल कामगारांचा पुढारी, आणि उभा राहिला अपक्ष. आजोबा रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणणारे, कम्युनिस्टांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. पण पाळी सुटली की फाटकावर दाजींचं भाषण ऐकायला ते थांबत. "आपल्या पगाराचं बोलतो तो," एवढंच सांगत. नेहरू पंतप्रधान असताना या मिलांच्या शहरानं काँग्रेसला बाजूला सारून एक अपक्ष दिल्लीला पाठवला. इंदूरचा मला जो अभिमान वाटतो, त्यात ही ओळ फार वर आहे.

पुढे प्रकाशचंद्र सेठींचं नाव वारंवार येतं. मधे 1977 मध्ये जनता लाटेत कल्याण जैन.

मग 1989. मतदानाचं वय त्याच वर्षी 21 वरून 18 झालं, म्हणून एकोणिसाव्या वर्षी माझ्या बोटाला शाई लागली. एका बाजूला काँग्रेसचे सेठी, माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री. समोर भाजपच्या सुमित्रा महाजन, चिपळूणच्या साठ्यांची मुलगी, इंदूरची सून. त्या 1,11,614 मतांनी जिंकल्या. बाबा सेठींना मानणारे. त्या रात्री ते जेवले नाहीत, पण उजव्या रकान्यात सेठींचं नाव त्यांनी डाव्याइतक्याच नेटक्या अक्षरात लिहिलं. बाबांची ही गोष्ट मी विसरलेले नाही.

सुमित्राबाईंना सगळं शहर 'ताई' म्हणायला लागलं. हिंदीत ताई म्हणजे थोरली काकू, आपल्याकडे थोरली बहीण. शेजारच्या अग्रवालांच्या घरी आणि आमच्या घरी एकाच शब्दाचं नातं वेगळं होतं, पण हाक तीच. डाव्या रकान्यात हे नाव ओळीनं आठ वेळा आहे, 2014 पर्यंत. शेवटच्या खेपेला त्या लोकसभेच्या अध्यक्षही झाल्या.

पण मी उजवा रकाना जास्त वाचते. तिथे ललित जैन, पंकज संघवी, महेश जोशी अशी नावं बदलत राहतात. 2009 मध्ये सत्यनारायण पटेल. फरक फक्त 11,480. आमचे हे तेव्हा कामासाठी पुण्याला होते, त्यांचं मत हुकलं. निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचे चार फोन आले. आठ लाखांच्या आसपास मतदान झालं असेल आणि एका मताची एवढी तगमग! समोर कुणीतरी तोलामोलाचं उभं असलं की मतदाराला असंच वाटतं, वाटायला हवं.

2019 मध्ये ताई उभ्या राहिल्या नाहीत, भाजपचेच शंकर लालवानी साडेपाच लाखांच्या फरकानं आले. तरी उजवीकडे पंकज संघवींचं नाव लिहिता आलं.

29 एप्रिल 2024, अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस. काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. मी बँकेतून घरी येत होते, पाटणीपुऱ्यावर रिक्षात ही बातमी कळली, आणि छातीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. मी त्या पक्षाची नाही. पण माझ्यासमोरची निवड कुणीतरी परस्पर उचलून नेली होती. खुद्द ताईंनीही हे व्हायला नको होतं, असं जाहीरपणे सांगितलं. काँग्रेसनं 'नोटा', म्हणजे यांपैकी कुणीही नको, हे बटण दाबा म्हणून प्रचार केला.

13 मेला आईला घेऊन शाळेतल्या केंद्रावर गेले. आईचं वय 84. यंत्रावर चौदा उमेदवार होते, तरी बाहेर आल्यावर ती म्हणाली, "शोधत होते गं, कुणाला शोधत होते तेच कळेना."

4 जूनच्या रात्री तिनंच वही काढून दिली. डावीकडे लिहिलं: शंकर लालवानी, 12,26,751. नोटा हा उमेदवार नव्हे, म्हणून उजवीकडे बसपाचे संजय सोलंकी, 51,659. उरली नोटाची 2,18,674 मतं. देशात नोटाला एवढी मतं आधी कुठेच पडली नव्हती. ती डावीकडेही बसेनात, उजवीकडेही नाही. शेवटी दोन रकान्यांमधल्या रेघेवरच बारीक अक्षरात लिहिली. आजोबांनी तिथे जागा सोडलेली नव्हती, त्यामुळे शेवटचे दोन आकडे सोलंकींच्या नावावर चढले आहेत.