तुम्ही विचारलंत म्हणून: माथेरानचा बंगला विकत का नाही?

लग्नात भेटलात तरी हेच, फोनवर हेच. एवढी जागा, हॉटेल काढा नाहीतर विकून मोकळे व्हा. म्हणून आता सगळं लिहूनच टाकते.

ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० मध्ये वर चढून आला, त्यानंतर साहेबांचे आणि पारशांचे बंगले उठले. आमचा त्यातलाच, आजोबांनी घेतलेला. भिंती जांभ्याच्या, चुन्यात बांधलेल्या. जांभा पावसाळाभर पाणी पितो आणि चुन्यातून ते हळूहळू सुकून जातं, वरून सिमेंट थापलं की पाणी आत कोंडतं आणि दगड भुसभुशीत होतो. म्हणून चुनाच लागतो, चुन्यात हात बसलेला गवंडी शोधावा लागतो, गाड्यांना बंदी म्हणून, त्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून गोणी घोड्यावर चढवावी लागते. खर्च होतो, मला माहितीये, प्रत्येकाने सांगायची गरज नाही.

आणि विकायला काढला नव्हता असं नाही. दादाला मुलीच्या ॲडमिशनसाठी पैसे हवे होते, मीही हो म्हटलेलं. गिऱ्हाईक आलं, सोबत टेप घेऊन एक माणूस. त्यांनी कुंपण मोजलं, झाडं मोजली, विहीर कुठे ते विचारलं. आई व्हरांड्यात चहा घेऊन उभी, म्हणाली आत या ना, दिवाणखान्यातल्या सागवानी तुळया बघा, रंगीत काचा अजून जुन्याच आहेत. तो म्हणाला, "आत काय बघायचं मावशी, ते तर पाडायचंच आहे." दादा म्हणाला, २००३ पासून इथे इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, असं पाडता येत नाही. तर म्हणे परवानगीचं आम्ही बघतो. आईने कप तसेच ट्रेमध्ये ठेवले आणि आत गेली, रात्री जेवलीच नाही. सकाळी मी दादाला सांगितलं, माझी सही मिळणार नाही. तो म्हणाला, तू मुंबईत फ्लॅटमध्ये राहतेस, तुला हे परवडतं. त्यानंतर कितीतरी महिने आम्ही बोललो नाही.

तेव्हाची मी म्हणायची, माणसापेक्षा भिंती मोठ्या नाहीत. अजूनही नाहीत. पण तो पाडायला मोजत होता आणि आई त्याला तुळया दाखवत होती, हे मला कागदावर सही करून मान्य करता आलं नाही. राखणारं कुणी मिळालं तर आजही देईन. तसं कुणी अजून आलेलं नाही. दादाच्या मुलीच्या फीसाठी त्याने लोन काढलं, ते अजून फिटतंय, आणि त्यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आताही नाही.